तुकड्याची तिथ

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

बाबांनी यंदाही वही दिली, आणि वहीबरोबर दरवर्षीचं वाक्य. "वकिलाची लेक आहेस, जुईली. घडलं ते त्याच दिवशी लिहून ठेवत जा. नंतरची आठवण म्हणजे फितूर साक्षीदार." तिळगूळ संपतो, हे वाक्य काही संपत नाही.

आज अकोल्याहून पार्वताबाईंचा तुकडा आणला. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बडनेऱ्यापर्यंत गाडीत बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आइस्क्रीम हाय का वं त्यात?" मी हो म्हटलं. माणसाचं फुफ्फुस आहे म्हटलं असतं तर बाई खिडकीची जागा सोडून पळाल्या असत्या.

पार्वताबाई छप्पन्न वर्षांच्या. तीस वर्षं अकोल्यातल्या डाळ मिलमध्ये चाळणीवर उभ्या. त्या धुळीनं फुफ्फुसात व्रण पडत गेले. व्रण पडला की ती जागा कडक होते, मग श्वास आत मावत नाही. डॉक्टरांनी निदानासाठी ऑपरेशन करून तुकडा काढला आणि उरलेला आम्हाला दिला. आता अमरावतीच्या आमच्या प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांच्यापासून फुफ्फुसासारखा इवलासा तुकडा तयार करायचा, आणि व्रण कशानं वाढतो, कशानं थांबतो ते बघायचं.

काल संमतीपत्र मीच वाचून दाखवलं. चार पानं. पार्वताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे माह्या छातीतलं बेनं तुमी तिकडं लावान, अन् थे वाढंन?"

"हो."

"खाते काय थे?"

"गुलाबी पाणी. तीन-चार दिवसांनी एकदा."

"मंग तिले उपाशी नोको ठेवजो, पोरी. म्या लय दिवस उपाशी काम केलं."

मी त्यांचा हात धरून सांगितलं, "तुमच्या तुकड्याला मी स्वतः खाऊ घालीन. दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही." खोटं नाही बोलले. शुभंकर सरांचा नियमच आहे: एक पेशंट, एक हात, एक बाटली. माझ्याकडे पार्वताबाई. ललिताकडे तिवस्याकडचे पुंजारामजी, ज्यांनी वीस वर्षं खडी क्रशरवर दगडाची धूळ खाल्ली.

२५ जानेवारी २०२४, गुरुवार

घाईत लिहितेय, खाली गाडी उभी आहे. उद्यापासून तीन सुट्ट्या, आम्ही सगळी भावंडं चिखलदऱ्याला!

सकाळी ललिताचा फोन, चांदूर बाजारहून येणारी एस्टी रस्त्यात बंद पडली, "मले बारा वाजतीन." मी म्हटलं, बारा कुठे, मला अकराला निघायचंय. मग काय, तिच्या पुंजारामजींनाही मीच खाऊ घालून टाकला. तिची बाटली फ्रिजमध्ये थंडगार, गरम व्हायला अर्धा तास. माझी गरमच होती. तिच्यातूनच आधी त्यांना दिलं, मग पार्वताबाईंना. त्याच पिपेटनं. दोन मिनिटांचं काम. सर असते तर नियमाचं कीर्तन झालं असतं, पण सर नागपूरला. एवढं काय होतं बाप्पा एका दिवसानं!

रजिस्टर सरांच्या खोलीत, खोलीला कुलूप. ललिताला सांगून टाकलं, दुपारी खोली उघडली की दोन्ही नावांपुढे तूच सही कर. आम्ही एकमेकींचं करतोच असं. नितेशदादा हॉर्न वाजवतोय.

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

पार्वताबाईंनी कमाल केली! दोन आठवडे बशीत नुसत्या रुसून बसल्या होत्या, आणि या आठवड्यात एकदम भरभर वाढल्या. आज पहिल्या कुप्या भरून गोठवल्या सुद्धा. याआधी गोठवण्याएवढ्या पेशीच नव्हत्या.

पुंजारामजी मात्र परवा गेले. ललिता दिवसभर त्यांच्याच बशीपाशी. म्हणाली, "मानूस गेला अन् त्याच्या पेशी इथं वाढून राहिल्या. कसंतरी वाटते नं?" मी म्हटलं, भावुक होऊ नकोस, काम कर. ती मग माझ्या बशीकडे सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत बसली. "जुईली, तुह्या पार्वताबाई आधी वेगळ्या दिसत होत्या. लांबट-लांबट. आता माह्या बशीतल्यासारख्याच दिसून राहिल्या."

"अंग धरलंय त्यांनी," मी म्हटलं. "खाऊ चांगला मिळतोय." तिला हसू नाही आलं. चांदूर बाजारच्या माणसांना विनोद उशिरा पोचतो, एस्टीनं येतो.

११ जून २०२४, मंगळवार

उन्हानं जीव नकोसा केलाय, पण मी खुशीत आहे.

आमचा प्रयोग असा. पेशी जेलमध्ये मिसळायच्या आणि रुपयाएवढी चकती करायची. व्रणाच्या पेशी ती चकती आवळतात. दोन दिवसांत रुपयाचं शर्टाचं बटण होतं. औषध लागू पडलं तर चकती रुपयाएवढीच राहते. पार्वताबाईंना डॉक्टरांनी जी महागडी गोळी दिलीय, ती मी त्यांच्या चकतीवर सहा वेळा करून पाहिली. सहाही वेळा बटण. गोळीचा काडीचा उपयोग नाही.

काल अकोल्याला गेले होते. डाबकी रोडला दोन खोल्या, दारात शिवमची ऑटो. शिवम त्यांचा मुलगा. पार्वताबाई ताटावर बसल्या होत्या, दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. म्हणाल्या, "थ्या गोयीनं अन्न पाह्यलं की मयमयते. भाकरीची वासना गेली." मला राहवलं नाही. पेशंटला निकाल सांगायचे नाहीत असा सरांचा आणखी एक नियम, पण ज्याची बशी त्याला कळायला नको? मी सांगितलं की तुमच्या तुकड्यावर ही गोळी चालत नाही.

"खरंच सांगून राहिली?"

"सहा वेळा बघितलं, काकू."

"डाक्टर सर्वायले एकच गोयी देते. तू माह्याच तुकड्याले इचारून सांगून राहिली. तुहं खरं." आणि दुपारी पोटभर जेवल्या, झुणका-भाकर आणि ठेचा. मलाही वाढलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाचं मोल केलं.

१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आठ नंबर! आठ नंबर! आठ नंबर!

बारा रसायनं करून पाहिली. आठवं घातलेली चकती रुपयाएवढीच राहिली. सरांनी तीनदा मोजपट्टी लावली. निबंधात माझं नाव पहिलं, ललिताचं दुसरं. पहिल्या नावाचा मला लोभ आहे, उगाच साधूपणा कशाला लिहू.

शिवमच्या हाती पार्वताबाईंनी डिंकाचे लाडू पाठवले. डब्यात चिठ्ठी, शिवमच्या अक्षरात: "अर्धे तुले, अर्धे तिले." तिले म्हणजे बशीतल्या तुकड्याला! फोन केला की पहिला प्रश्न हाच असतो, "तिले खायले देल्लं का?" मी मायक्रोस्कोपचा फोटो पाठवला होता, तो त्यांनी फ्रेम करून देवाजवळ लावलाय म्हणे. मी आणि ललितानं लाडू खाल्ले. ललिता म्हणाली, "बाईचा लय जीव आहे तुह्यावर. सांभायजो." जसं काही मी सांभाळत नाही!

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

पार्वताबाईंना हिवाळा बाधला. चार दिवस दवाखान्यात होत्या, घरी ऑक्सिजनचं यंत्र आणलंय. फोनवर वाक्य पुरं होत नव्हतं.

"डाक्टर कावला. म्हने गोयी कोनाले इचारून सोडली. सात-आठ महिने झाले म्हने."

"मग काकू? काय सांगितलंत?"

"काय सांगीन. म्हटलं, माह्याच मनानं सोडली. तुहं नाव नाई घेतलं म्या."

हुश्श! सरांच्या कानावर गेलं असतं तर माझी काही खैर नव्हती. पार्वताबाई माणूस म्हणून फार मोठ्या आहेत. आता डॉक्टरांनी जबरदस्तीनं ती गोळी पुन्हा सुरू केलीय, त्यांना कुठे माहीत की ती या बाईवर चालत नाही. मी म्हटलं, आठ नंबर येईपर्यंत धीर धरा. "धरते," म्हणाल्या.

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

निबंध छापण्याआधी पेशींची ओळख पटवून द्यावी लागते. पेशी ज्याच्या म्हणता त्याच्याच आहेत, असा दाखला. नमुने पुण्याला पाठवले होते. आज अहवाल आला.

माझ्या बशीतल्या पेशी पुरुषाच्या आहेत.

मी दोनदा फोन केला. त्यांनी दोनदा तेच सांगितलं. सरांनी पार्वताबाईंच्या ऑपरेशनच्या वेळच्या रक्ताशी ताडून बघायला सांगितलं, तेही त्यांनी आधीच केलं होतं. काही जुळत नाही. मग पुंजारामजींच्या बशीशी ताडलं. शंभर टक्के जुळतं.

दीड वर्ष मी पार्वताबाई म्हणून एका मेलेल्या माणसाला खाऊ घालत होते. सहा वेळा गोळी, बारा रसायनं, आठ नंबर, सगळं पुंजारामजींवर. पार्वताबाईंचं त्यात काही नाही. एक पेशीसुद्धा नाही.

७ ऑगस्ट २०२५, गुरुवार

सगळ्यात जुनी कुपी, ३ फेब्रुवारीची, तीही पुंजारामजींचीच. म्हणजे घोळ १६ जानेवारी ते ३ फेब्रुवारी याच दिवसांत झाला. सर म्हणाले, पुंजारामजींच्या पेशी दांडग्या, एक थेंब जरी दुसऱ्या बशीत गेला तरी आठ दिवसांत त्या दुसरीला खाऊन टाकतात. दोन्ही बशा एकाच हातानं, एकाच बाटलीतून भरल्या तरच हे होतं.

सरांनी रजिस्टर उघडलं. एकोणीस दिवसांत दोन्ही नावांपुढे एकच सही असलेला दिवस एकच. २५ जानेवारी. सही ललिताची.

माझी ललिता. जिच्या डब्यातलं मी रोज खाते.

सरांनी तिला बोलावलं. ती पांढरीफटक पडली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, त्या दिवशी मी दुपारी आली. एस्टी बंद पडली होती. दोन्ही बशा जुईलीनं भरल्या होत्या, मी फक्त सह्या केल्या. तिनंच फोनवर सांगतलं होतं."

मी चिखलदऱ्याला गेले होते त्या दिवशी! फोटो आहेत मोबाइलमध्ये! मी म्हटलं, "ललिता, खोटं काहून बोलतेस?" ती म्हणाली, "आठव नं, जुईली." सगळ्यांसमोर. मी आठवून पाहिलं. भावंडं, गाडी, घाटातला चहा, एवढंच आठवलं. दोन बशा काही आठवल्या नाहीत.

८ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

रात्रभर रडले, आता राग आलाय. रागच बरा.

चूक होते, मी समजू शकते. पण केलेली चूक मैत्रिणीच्या गळ्यात बांधायची? माझ्या पार्वताबाईंच्या तुकड्याचा घास घेतला आणि वर माझ्याकडे बोट! पाच वर्षांची मैत्री. तिच्या बहिणीच्या लग्नात मी तीन दिवस चांदूर बाजारला राबले होते. तिच्या आजारपणात तिच्या बशा मी सांभाळल्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा एकच प्रश्न: "सही कुणाची?"

"तिची."

"मग संपलं. कागद बोलला की माणसाचं कोण ऐकतं."

त्यांनी एवढ्या सहज म्हटलं की मला जरा बरं वाटलं.

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार

ललिताला प्रकल्पातून काढलं. सही करून काम न केल्याचं ती स्वतःच कबूल करते, म्हणजे एका बाजूनं खोटी सही, दुसऱ्या बाजूनं निष्काळजीपणा, दोन्हीकडून तीच अडकते. सरांनी मला विचारलं, "तुला खात्री आहे ना, जुईली?" मी म्हटलं, "शंभर टक्के."

जाताना ती माझ्या टेबलापाशी आली. वाटलं, माफी मागेल. तिनं आमचा दोघींचा चहाचा डबा उघडला, त्यातली तिची साखर वेगळी काढून घेतली आणि म्हणाली, "पार्वताबाईले खरं सांगजो. कोनाचंही नाव घे, पन खरं सांगजो."

मोठी आली मला शिकवणारी.

२९ ऑगस्ट २०२५, शुक्रवार

अकोल्याला जाऊन आले. पंधरा दिवस टाळलं. गणपती बसले, उद्या-परवा महालक्ष्म्या, एकेक कारण पुरवलं. पण आज गेले.

पार्वताबाई खाटेवर, नाकाला नळी. यंत्र कोपऱ्यात घुरघुरत होतं. देवाजवळ तो फोटो, त्याला हळदकुंकू लावलेलं. मला बघून पहिला प्रश्न, "तिले खायले देल्लं का?"

मी सगळं सांगितलं. एका मुलीच्या हातून दुसऱ्याच्या पेशी तुमच्या बशीत गेल्या, तुमच्या मेल्या, त्याच्या वाढल्या. ती मुलगी कामावरून गेली. ललिताचं नाव घेतलं मी.

त्यांनी मान वळवून देवाजवळच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजे थो फोटू माहा नोहे."

"नाही, काकू."

"मंग थे गोयी मले लागू पडली असती का?"

या प्रश्नाची मला दीड महिना भीती वाटत होती. दीड महिना कुठला, पंचवीस दिवस. पण वाटलं तेवढं. मी म्हटलं, "माहीत नाही. तुमच्या पेशींवर ती कधी तपासलीच गेली नाही."

"आठ महिने म्या थे घेतली नाई."

"हो."

"तू म्हटलं म्हून."

शिवम दारात उभा होता, तो बाहेर निघून गेला आणि ऑटो उगाच सुरू करून बंद केली. पार्वताबाई रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मले वाटे, हे शरीर जाईन, पन माहा एक तुकडा अमरावतीले जित्ता राहीन. एक पोरगी त्याले टायमावर खाऊ घालते. मिलमधी तीस वर्षं कोनी इचारलं नाई जेवली का म्हून. लय आधार वाटे." आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी उठायला लागले तेव्हा त्या पुन्हा वळल्या. "तिथ सांग."

"काय?"

"माहा तुकडा कोन्त्या तिथीले मेला? पितरायचा पंधरवडा येऊन राहिला. त्याच्या नावानं घास टाकीन. त्याले करनारं दुसरं कोन हाय?"

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. मी म्हटलं, "तिथी माहीत नसेल तर सर्वपित्रीला टाकतात ना?"

"ज्याचं कोनी नाई त्याचं सर्वपित्रीले करतात," त्या म्हणाल्या. "माहा तुकडा बेवारशी नव्हता. तू सांगतलं होतं तू हाय म्हून. तिथ काढून दे."

३ सप्टेंबर २०२५, बुधवार

महालक्ष्म्या काल उठल्या. घर आवरताना माळ्यावरची पेटी काढली, मागल्या वर्षीची वही शोधायला. २५ जानेवारी ही तारीख रजिस्टरनं दिलीच होती, पण पार्वताबाईंना तिथी पाहिजे, आणि बाबांच्या त्या वह्यांत दर पानावर तिथी छापलेली असते. कॅलेंडर कोण जपून ठेवतं.

पान उघडलं. पौष पौर्णिमा.

खाली माझं अक्षर. मी वाचलं. मग जमिनीवर बसून पुन्हा वाचलं.

"तिच्यातूनच आधी त्यांना दिलं, मग पार्वताबाईंना. त्याच पिपेटनं."

"एवढं काय होतं बाप्पा एका दिवसानं!"

मला आठवतच नव्हतं. आई शप्पथ, आठवत नव्हतं. आता वाचल्यावरही आठवत नाही, फक्त हॉर्न आठवतो. पण अक्षर माझं आहे.

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

वही बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली, मिटली आणि विचारलं, "ही कुणी मागितली आहे का?"

"नाही."

"मग आहे तिथे ठेव. खाजगी वही आहे. ती पोरगी गेली, प्रकरण मिटलं. तुझं आयुष्य उभं राहायचंय अजून."

"बाबा, तुम्हीच म्हणता ना घडलं ते लिहून ठेव म्हणून?"

"लिहून ठेव म्हटलं," बाबा म्हणाले. "दाखवत फिर नाही म्हटलं."

तीस वर्षांची होत आले, आणि आज पहिल्यांदा बाबांचा राग आला. त्यांचा आला की स्वतःचा, नीट सांगता येत नाही. त्या पानाची झेरॉक्स काढून सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी वाचली, डोळ्यांवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "मी तुला विचारलं होतं, जुईली."

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

चांदूर बाजारला गेले. एस्टीनंच गेले. दीड तास लागला, मध्ये अर्धा तास गाडी उभीच होती. ललिता हे रोज करायची.

ती अंगणात शेंगा फोडत होती. मी वही पुढे केली. तिनं पान वाचलं नाही. "मले माहीत आहे काय लिवलं अशीन," म्हणाली.

"मला खरंच आठवत नव्हतं गं."

"मले वाटलंच. अन् तेच जास्त लागलं." तिनं सूप बाजूला ठेवलं. "लहान पोरायलेही आपलं केलेलं ध्यानात राहते. तुले ध्यानातच नाई राहिलं. माही एस्टी, माही सही, पुंजारामजी, काहीच नाई. फक्त चिखलदरा राहिला."

मी रडले. तिनं पाणी आणून दिलं, आईला चहा ठेवायला सांगितला नाही. मी म्हटलं, सर तुला परत बोलावताहेत, आणि पार्वताबाई तुकड्याची तिथ मागताहेत. ती म्हणाली, "तू असशीन तिथं नाई येत मी." मग निघताना हाक मारून म्हणाली, "पार्वताबाईले सांगतलं का?"

"नाही अजून."

"परवा पौर्णिमा आहे. पौर्णिमेचं पौर्णिमेलेच करतात."

तिला तिथीसुद्धा आठवत होती.

६ सप्टेंबर २०२५, शनिवार

सकाळपासून चारदा फोन हातात घेतला. बाहेर विसर्जनाचे ढोल. शेवटी खोलीचं दार लावून लावला. शिवमनं उचलला, काही न बोलता आईच्या कानाला धरला. यंत्राची घुरघुर ऐकू येत होती.

"काकू, तिथी सापडली. पौष पौर्णिमा."

"मंग उद्याच हाय." श्वास. "बरं झालं सांगतलं. म्या वड्यायचा भरडा काढूनच ठेवला."

इथेच ठेवता आला असता फोन. मी क्षणभर तेवढं ठरवलंही होतं, ते इथे लिहून ठेवते.

"काकू, त्या मुलीच्या हातून नाही झालं. ललितानं फक्त सही केली होती. माझ्या हातून झालं. मला गावाला जायची घाई होती. मी वहीत लिहून ठेवलं होतं आणि विसरले, आणि तिचं नाव घेतलं."

"पोरी," त्या म्हणाल्या, "डाक्टरपाशी म्या तुहं नाव नाई घेतलं."

"माहीत आहे, काकू."

"अन् तू त्या पोरीचं घेतलं."

मी हो म्हटलं.

"त्या दुसऱ्याचं नाव काय होतं?" त्यांनी विचारलं. "ज्याले तू खाऊ घालून राहिली?"

"पुंजारामजी. तिवस्याकडचे. खडीच्या क्रशरवर होते."

"त्याले उपाशी नोको ठेवजो. त्याचा काय गुन्हा." पुन्हा श्वास. "उद्या घास दोन टाकते, त्याच्याही नावाचा. तू येऊ नोको."

आणि शिवमनं फोन ठेवला.

७ सप्टेंबर २०२५, रविवार, भाद्रपद पौर्णिमा

सरांनी सोमवारपर्यंत येऊ नकोस म्हणून सांगितलंय. पण आज खाऊचा दिवस, आणि दुसरं कुणी नव्हतं. वॉचमनला सांगून गेले. पुंजारामजींची बाटली फ्रिजमधून काढली आणि गरम व्हायची वाट बघत अर्धा तास बसले. रजिस्टरमध्ये पार्वताबाईंच्या नावापुढची जागा रिकामी ठेवली, पुंजारामजींच्या पुढे सही केली. माझी.

अकोल्याला कावळा आला असेल का, ते विचारायला आता फोन करता येणार नाही.